फॉन्डंट म्हणजे आपला पाकच!

होळी-पाडव्याला आपल्या वऱ्हाडात लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या असतात. केकवरचा फॉन्डंट म्हणजे त्या गाठीची धाकटी बहीणच. गाठीचा पाक साच्यात ओतून कडक करतात, फॉन्डंटचा पाक घोटून मऊ ठेवतात.

अर्धा किलो साखर, पाऊण वाटी पाणी आणि दोन चमचे लिक्विड ग्लुकोज उकळा. ग्लुकोजमुळे साखरेचे मोठे खडे होत नाहीत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून मऊ गोळी झाली, की गॅस बंद करा. पाक न ढवळता कोमट होऊ द्या, मग लाकडी उलथन्याने पांढरा होईस्तोवर घोटा. गरम असतानाच ढवळला, तर रवाळ होतो. मळलेला गोळा रात्रभर झाकून ठेवा. गरम पाण्यावर ठेवून तो पातळ करायचा आणि पेस्ट्रीवर ओतायचा. चॉकलेटच्या आतही हाच भरतात.

केकवर पोळीसारखा लाटून घालतात तो फॉन्डंट वेगळा. त्यात पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि पुष्कळदा जिलेटिन असते. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. शाकाहारी घरची ऑर्डर असेल, तर पाकिटावर हिरवा ठिपका पाहूनच घ्या.

आता आमची फजिती ऐका. गेल्या आषाढात अकोटातल्या एका वाढदिवसाचा केक आम्ही फ्रिजमधून काढून उघडाच नेला. दमट हवा लागताच थंड फॉन्डंटवर पाण्याचे थेंब जमले आणि गुलाबी रंग खाली ओघळला. पैसे परत द्यावे लागले. आमची दोन दिवसांची मेहनतही गेली.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. फॉन्डंटखाली व्हिप क्रीम लावत नाही, कारण त्याच्या ओलाव्याने फॉन्डंट विरघळतो. त्याऐवजी बटरक्रीम लावतो. केक फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल, तर घट्ट डब्यात ठेवतो आणि बाहेर काढल्यावर गारवा जाईपर्यंत डबा उघडत नाही. म्हणजे पाणी डब्यावर जमते, केकवर नाही. उरलेला गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, नाहीतर तो वाळून तडकतो.

आणखी एक. फॉन्डंट फार गोड, म्हणून पुष्कळ पाहुणे तो काढून ताटात ठेवतात. मग सगळा केक त्याने झाकायचा कशाला? चार फुलं, एक नाव तेवढं फॉन्डंटचं करा. केक शोभतो आणि गटाचा खर्चही वाचतो.