रायगड बघायला निघालोय, पण बघायचं काय?



भाताची झोडणी आटोपली की गटाच्या बैठकीत दर वर्षी एक विषय निघतोच. सहल कुठं न्यायची? बहुतेक वेळा वणी, शिर्डी नाहीतर जेजुरी ठरते. यंदा रायगडाचं नाव काढून बघा. लगेच तीन प्रश्न येतील. "तिथं देव कुठला?" "गुडघे दुखतात, चढणार कोण?" आणि "बायकांनी गड बघून करायचं काय?" तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू.

रायगड म्हणजे स्वराज्याची राजधानी. याचं जुनं नाव रायरी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी तो जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला आणि ६ जून १६७४ रोजी इथंच त्यांचा राज्याभिषेक झाला. आपल्या शहापूरच्या माहुलीवरून शहाजीराजांनी १६३६ साली झुंज दिली होती. त्यांच्या मुलाने पुढे स्वतःची राजधानी उभी केली, ती ही. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे १२ किल्ले निवडले, त्यात रायगड आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे वर गेल्यावर हिरमोड होणार नाही. तिथं छप्पर असलेला राजवाडा नाही. १८१८ साली इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, तेव्हा आगीत लाकडी वाडे जळाले. राहिली ती दगडी जोती. घर बांधताना जोतं बघून आपण सांगतो ना, इथं ओटी, इथं स्वयंपाकघर? तसंच इथं बघायचं.

आधी पाचाड

गडाच्या पायथ्याला पाचाड गाव आहे. गडावरचा गार वारा जिजाऊंना सोसेना, म्हणून महाराजांनी इथं त्यांच्यासाठी वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ ला, जिजाऊ इथं वारल्या. त्यांची समाधी पाचाडलाच आहे. पुष्कळ लोक घाईत सरळ वर जातात. तुम्ही मात्र आधी इथं थांबा.

पाणी कसं अडवलंय ते बघा

वर गेल्यावर गंगासागर आणि हत्ती तलाव नीट बघा. बांधकामाला जिथून दगड काढला, त्याच खड्ड्यांचे तलाव केले. राज्याभिषेकासाठी आणलेल्या नद्यांचं उरलेलं पाणी गंगासागरात सोडलं, म्हणून त्याला ते नाव पडलं, असं सांगतात. कोकणातला पाऊस डोंगरावरून धो-धो वाहून जातो. तो वरच अडवला, म्हणून एवढ्या उंचीवर राजधानी नांदली. आपल्याकडे काय आहे? तानसा, वैतरणा, भातसा धरणं उशाला, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट. हत्ती तलाव वर्षानुवर्षं गळत होता, अलीकडे त्याची गळती काढली. ग्रामसभेत बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा विषय मांडताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

राणीवसा आणि येसूबाई

मेणा दरवाजातून आत गेलं की राण्यांच्या महालांची जोती ओळीने दिसतात. इथं येसूबाईंची आठवण काढा. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली आणि मोगलांनी रायगडाला वेढा घातला. येसूबाईंनी धाकट्या दिराला, राजाराम महाराजांना, गडाबाहेर पाठवलं आणि स्वतः लहानग्या शाहूला घेऊन गडावरच थांबल्या. राजा मोकळा राहिला तर राज्य राहील, हा त्यांचा हिशोब होता. गड पडला, त्या कैदेत गेल्या. परत यायला १७१९ साल उजाडलं. तीस वर्षं! पुस्तकात ही एक ओळ असते. त्या जोत्यापाशी उभं राहिलं की ती ओळ जड वाटते.

राजसभा आणि बाजारपेठ

नगारखान्याच्या उंच दरवाजातून राजसभेत शिरता येतं. सिंहासनाची जागा तिथून २०० फुटांहून लांब आहे. तरी एका टोकाला हळू बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. दोघींनी दोन टोकांना उभं राहून करून बघा.

पुढे बाजारपेठ. समोरासमोर दोन रांगा, एकेका रांगेत २२ गाळे. गाळ्याचं जोतं उंच, पुढे माल मांडायला जागा, मागे खोल्या. आपण पापड, नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ घेऊन प्रदर्शनात बसतो, तेव्हा माल कुठं ठेवायचा, गिऱ्हाईक कुठं उभं राहील याची ओढाताण होते. या गाळ्यांत तो विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेला दिसतो.

देव आहे की!

जगदीश्वराचं मंदिर आहे, शिरकाई देवीचं देऊळ आहे. जगदीश्वराच्या मंदिराजवळच महाराजांची समाधी आहे. ३ एप्रिल १६८० रोजी ते याच गडावर गेले. मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधून घेणारा हा माणूस. एवढं मोठं काम केलं आणि नाव कोरलं पायरीच्या दगडावर!

आता गुडघ्यांचं

पायी चढायचं तर दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी हिरकणीवाडीतून रोपवे आहे, चार-पाच मिनिटांत वर नेतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वर उतरल्यावरही पायऱ्या आणि चालणं आहेच. आणि रोपवेने गेलं की महादरवाजा वाटेत लागत नाही. म्हणून सगळ्यांनी रोपवेने वर जावं आणि धडधाकट असतील त्यांनी महादरवाजा बघत पायी उतरावं, हे सोयीचं.

हिरकणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज तिथं आहे. पण तान्ह्या बाळाच्या आईला आपण "तू राहा घरी" असं लगेच सांगून टाकतो. तसं करू नका. तिला बाळासकट न्या, सोबतीला एक बाई द्या.

तयारी अशी करा

पैसे: गटाची मूळ बचत आणि फिरता निधी यांना हात लावायचा नाही. सहलीसाठी कर्जही नको. आठवड्याला २० रुपये वेगळे काढले तर ५२ आठवड्यांत १,०४० रुपये होतात. त्याची वेगळी वही ठेवा, दर बैठकीत आकडा वाचून दाखवा.

तारीख: पावसात वाट निसरडी, मे महिन्यात ऊन सोसत नाही. थंडी बरी. पण आपल्या काही मैत्रिणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांना विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नका. त्यांचेही २० रुपये त्या वहीत आहेत.

प्रवास: उंबरमाळीहून कल्याण, पनवेल, पेण, माणगाव, महाड आणि मग पाचाड. एका दिवसात ओढाताण होते, एक मुक्काम धराच. ठरलेल्या फेरीच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आधारकार्ड जवळ ठेवा.

महाडला थांबाल तेव्हा चवदार तळ्यावर जरूर जा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं ओंजळभर पाणी पिऊन सगळ्यांचा हक्क मिळवण्याची लढाई सुरू केली. गडावर पाणी साठवलेलं बघाल, इथं ते कुणाचं हा प्रश्न विचारला गेला. दोन्ही बघूनच परत या.

गडावर ताक, सरबत, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाया भेटतील. त्यांच्याकडूनच घ्या आणि माल वर कसा आणतात, दिवसाला काय सुटतं, तेही विचारा.

परत आल्यावर पहिल्या बैठकीत दोघींनी उभं राहून काय बघितलं ते सांगायचं, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांची नावं इतिवृत्तात लिहायची. पुढच्या वर्षीची यादी त्या नावांपासून सुरू करा.