तेलाचे वनस्पती तूप होते कसे?

सरकी, जवस, तीळ आणि करडई ही विदर्भातील परिचित तेलबिये होत. त्यांची तेले पातळ असतात. वनस्पती तूप मात्र डब्यात घट्ट बसलेले दिसते. वस्तुतः हे तूपही तेलापासूनच तयार करण्यात येते. तेलात हा पालट घडविणारी प्रक्रिया म्हणजे हायड्रोजनीकरण होय.

तेलविषयक रसायनशास्त्राच्या अध्यापनाची नागपुरात जुनी परंपरा आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठास दिलेल्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञान हा तेथील एक प्रमुख अभ्यासविषय होय.

निकेलचे कार्य

तेलाचा रेणू ग्लिसरीन व तीन मेदाम्ले यांच्या संयोगाने बनतो. मेदाम्लाच्या लांब साखळीत काही कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. असाच बंध असलेल्या साध्या हायड्रोकार्बनांना अल्कीन म्हणतात. या बंधापाशी साखळी वाकते, रेणू एकमेकांलगत नीट बसत नाहीत आणि तेल पातळ राहते. बंधाला हायड्रोजन जोडला की साखळी सरळ होते. ओलेइक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सियसला वितळते, तर त्यापासून बनणारे स्टिअरिक आम्ल सुमारे ७० अंशांना.

नुसता हायड्रोजन तेलात सोडून हे घडत नाही. त्यासाठी उत्प्रेरक लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनी बारीक निकेलचा हा गुण दाखवून दिला. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक लाभले. जर्मनीचे विल्हेल्म नॉर्मान यांनी ही पद्धत तेलांना लागू केली. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू दुभंगतो व त्याचे अणू एकेक करून दुहेरी बंधाला जोडले जातात.

स्थैर्य आणि आरोग्य

सर्व दुहेरी बंध नाहीसे केल्यास तेल मेणासारखे कडक होते. म्हणून ही प्रक्रिया मध्येच थांबविण्याची प्रथा पडली. अडचण उद्भवली ती येथेच. जोडला गेलेला पहिला अणू पुन्हा सुटू शकतो. तेवढ्या अवधीत साखळीस फिरण्यास वाव मिळतो आणि बंध नव्या रचनेत तयार होतो. मूळच्या ‘सिस्’ रचनेत साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूस असतात, नव्या ‘ट्रान्स’ रचनेत ते विरुद्ध बाजूंस जातात.

ट्रान्स रचना अधिक स्थिर असते, हे उष्णता मोजून सिद्ध करता येते. सिस्-२-ब्यूटीन या अल्कीनच्या हायड्रोजनीकरणात प्रतिमोल सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, ट्रान्स-२-ब्यूटीनच्या बाबतीत सुमारे ११६. दोहोंपासून अखेर ब्यूटेन हाच पदार्थ मिळतो. म्हणजेच कमी उष्णता देणाऱ्या रेणूची ऊर्जा मुळातच कमी असते.

परंतु रेणूच्या दृष्टीने जे स्थिर, ते शरीरास हितकर असतेच असे नाही. ट्रान्स मेद रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात, हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात आणि हृदयविकारास निमंत्रण देतात. यास्तव १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यपदार्थांतील औद्योगिक ट्रान्स मेदांचे प्रमाण त्यातील एकूण तेल व मेदाच्या २ टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन घालण्यात आले.

यावर रसायनशास्त्रानेच उपायही दिला आहे. हायड्रोजनीकरण पूर्णत्वास नेल्यास ट्रान्स बंध जवळजवळ उरत नाहीत. असा कडक मेद पातळ तेलात मिसळून दोहोंतील मेदाम्लांची अदलाबदल घडविली की हवा तेवढा मऊपणा साधता येतो. ग्राहकानेही डबा घेताना वेष्टनावरील ट्रान्स मेदाचा आकडा अवश्य वाचावा.