घडीव लोखंडाचा उद्यानांतील पुनर्वापर : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

फराहबाग व हश्त बिहिश्त बाग या निजामशाहीकालीन बागांमुळे अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) उद्यानरचनेची जुनी परंपरा लाभलेली आहे. आज याच जिल्ह्यातील अनेक जुने वाडे पाडले जात असून त्यांतील खिडक्यांचे गज, कठडे, कड्या-कोयंडे व बिजागऱ्या भंगार म्हणून किलोच्या भावाने विकल्या जातात. टायरच्या गाड्या आल्यामुळे बैलगाडीच्या चाकांवरील लोखंडी धावांचीही तीच गत झाली आहे. प्रस्तुत लेखात या साहित्याच्या उद्यानांतील पुनर्वापराचा विचार केला आहे.

घडीव लोखंडाचे स्वरूप

घडीव लोखंडात कार्बनचे प्रमाण साधारणतः ०.१ टक्क्याहून कमी असते व त्यात धातुमळीचे बारीक तंतू पसरलेले असतात. १८५६ मध्ये बेसेमर पद्धतीचा शोध लागल्यानंतर स्वस्त पोलादाने त्याची जागा घेतली. इंग्लंडमधील बोल्टन येथील या धातूचा अखेरचा मोठा कारखाना १९७३ मध्ये बंद झाला. त्यामुळे वाड्याचा गज एकदा भट्टीत गेला, की त्याच जातीचा नवा गज बाजारात सहजी मिळत नाही.

साहित्याची ओळख

जुने दिसणारे प्रत्येक लोखंड घडीव नसते. अनेक धावा व जाळ्या पोलादाच्या अथवा बिडाच्या असतात. निरुपयोगी तुकड्यास करवतीने अर्धी खाच पाडून तो वाकवल्यास घडीव लोखंड ओल्या फांदीप्रमाणे तंतुमय फाटते. पोलाद वाकते, पण त्यात असे तंतू दिसत नाहीत. बीड तर न वाकताच तुटते.

गंज व स्थानिक हवामान

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर टिकला, त्याचे एक महत्त्वाचे कारण त्यातील फॉस्फरसचे अधिक प्रमाण हे होय. यावरून सर्वच घडीव लोखंड गंजरोधक असते, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत असल्याने तेथे गंजण्याचा वेग कमी राहतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात मात्र अतिवृष्टीमुळे संरक्षक लेप अनिवार्य ठरतो. प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रातील क्षारपड जमिनींतही विशेष दक्षता हवी, कारण क्लोराइड क्षार गंजास गती देतात.

पुनर्वापराची पद्धती

खिडकीची जाळी जाई किंवा मधुमालतीच्या वेलीस आधार म्हणून, तर धाव मांडवाची कमान म्हणून उपयोगी पडते. लोखंड थेट मातीत पुरू नये; दगडी बैठकीवर, पाणी साचणार नाही असे बसवावे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा खरवडू नये. (नव्या घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू आहे.) गंज काढल्यावर झिंक फॉस्फेटचा प्राथमिक लेप देऊन मग रंग द्यावा. वरवरच्या वेल्डिंगने धातूचे केवळ बाहेरचे थर जुळतात व ताण पडताच ते सुटू शकतात. म्हणून शक्य तेथे रिव्हेटने अथवा ऐरणीवर तापवून सांधे जोडावेत. हे कौशल्य लोहार व भटक्या घिसाडी कारागिरांकडे परंपरेने आहे. अशा कामातून त्यांना रोजगार मिळू शकतो व सांधाही टिकाऊ होतो.

कायदेशीर व नैतिक मर्यादा

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या व्याख्येत इमारतीपासून अलग केलेली, किमान शंभर वर्षे जुनी वस्तूही येऊ शकते. तिच्या व्यापारास परवाना लागतो. संरक्षित स्मारकातील वस्तूचा तर प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय बागेच्या शोभेसाठी उभ्या वाड्याचे गज काढणे म्हणजे पुनर्वापर नव्हे, तो विध्वंसच होय. वास्तू टिकणार असेल तर लोखंड तिच्यातच राहणे इष्ट.

समारोप

पडलेल्या वाड्याचे लोखंड महाविद्यालयाच्या उद्यानात आणताना गाव, वास्तू, मूळ जागा व मोजमापे यांची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. अशी नोंद नसेल तर ती वस्तू केवळ शोभेची उरते. नोंद असल्यास इतिहास, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या तिन्ही विभागांना ती अभ्याससाधन म्हणून उपलब्ध होते.