सुपरिंटेंडंटचा कोश : वामन शिवराम आपटे आणि न्यू इंग्लिश स्कूल

संस्कृत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापाशी १८९० पासून आजतागायत जो संस्कृत-इंग्रजी कोश हमखास आढळतो आणि ज्याचा उल्लेख ‘आपटे’ या नुसत्या आडनावाने होतो, त्याचे कर्ते वामन शिवराम आपटे यांचा रोजचा व्यवसाय शाळा चालविण्याचा होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे सुपरिंटेंडंट आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य या नात्याने त्यांनी बारा वर्षे काम केले, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास त्यांचा मृत्यू झाला. टिळक आणि आगरकर यांच्या चरित्रांत त्यांचे नाव सहकाऱ्यांच्या यादीत येते आणि तेथेच थांबते. कोशाच्या मुखपृष्ठावर ते ठळक दिसते, परंतु कोश चाळणाऱ्याला शाळेचा पत्ता नसतो. वस्तुतः या दोन गोष्टी एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, आणि शाळा बाजूला ठेवून हा कोश नीट समजत नाही.

आपट्यांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानात झाला. घर मूळचे खाऊनपिऊन सुखी होते. पण वडील दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले, त्यात घरचे सारे गेले आणि वामन आठेक वर्षांचा असतानाच ते वारले. आई दोन मुलांना घेऊन कोल्हापुरास आली, आणि १८६९ मध्ये ती व थोरला मुलगा असे दोघेही निवर्तल्यावर हा मुलगा अक्षरशः निराधार झाला. त्याचे शिक्षण थांबले नाही याचे मोठे श्रेय कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलाचे हेडमास्तर, ‘राजा शिवाजी’ या काव्याचे कर्ते महादेव मोरेश्वर कुंटे यांना द्यावे लागते. पुढे १८७३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत आपट्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली; ही शिष्यवृत्ती संस्कृतात विशेष गुण मिळविणाऱ्यास दिली जाई आणि त्या काळच्या शाळांची प्रतिष्ठा तिच्यावरून मोजली जाई. त्यानंतर डेक्कन कॉलेजात जर्मन वैयाकरण कीलहॉर्न यांच्या हाताखाली अध्ययन करून त्यांनी १८७७ मध्ये बी.ए. आणि १८७९ मध्ये एम.ए. पदवी घेतली. एवढ्या पदव्यांवर सरकारी शिक्षणखात्यात चांगल्या पगाराची जागा सहज मिळाली असती. तिच्याकडे पाठ फिरवून ते न्यू इंग्लिश स्कुलात आले.

ही शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात सुरू केली होती. खासगी शाळेने सरकारी अनुदान घ्यायचे तर शिक्षणखात्याच्या तपासण्या आणि अटी मान्य कराव्या लागत. अनुदान नाकारले तर सारा खर्च विद्यार्थ्यांच्या फीवर भागवावा लागे, आणि फी देणारे पालक निकाल पाहूनच येत. नव्या शाळेने हा दुसरा, अवघड मार्ग धरला. अशा शाळेत सुपरिंटेंडंट, म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापक, हा वर्गात शिकविणारा गुरुजीही असे आणि प्रवेश, वेळापत्रक, शिस्त व परीक्षा सांभाळणारा कारभारीही असे. संस्थापकांनी कितीही तेजस्वी लेख लिहिले तरी निकाल लागला नाही तर शाळा मोडणार, याची पहिली जाणीव त्यालाच असे. पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या हजाराच्या घरात गेली, आणि आपट्यांनी स्वतः पटकावलेली शंकरशेट शिष्यवृत्ती आता त्यांच्या शाळेचे विद्यार्थी मिळवू लागले.

या कारभाराची खरी कसोटी १८८२ मध्ये लागली. मार्च महिन्यात चिपळूणकर वारले. जुलैमध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यासंबंधी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत आलेल्या मजकुराबद्दलच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा होऊन ते डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. म्हणजे शाळा काढणाऱ्यांतला एक कायमचा गेला, दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षी सरकारने नेमलेला हंटर आयोग देशभरच्या शिक्षणाची पाहणी करीत होता. आपट्यांनी शाळेच्या वतीने आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळा पाहिली आणि सरकारी मदतीशिवाय ती सरकारी हायस्कुलांच्या तोडीची, किंबहुना परदेशांतील शाळांशीही तुलना करता येईल अशी असल्याचा अभिप्राय दिला. डोंगरीच्या तुरुंगावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या महिन्यांत वर्ग नेमाने भरत राहिले, ही गोष्ट इतिहासलेखकांना तितकीशी आकर्षक वाटलेली दिसत नाही.

शाळेतून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, आणि प्राचार्यपद आपट्यांकडे आले. सोसायटीचा कणा ‘आजीव सभासद’ ही पद्धत होती : सभासदाने वीस वर्षे संस्थेत शिकवायचे, महिना ७५ रुपये वेतन घ्यायचे आणि संस्थेने त्याच्या आयुष्याचा ३,००० रुपयांचा विमा उतरवायचा. यातील वेतनाच्या आकड्याचे त्याग म्हणून कौतुक होते, पण विम्याची तरतूद अधिक बोलकी आहे, कारण हे सारे तरुण संसारी गृहस्थ होते आणि आपल्या मागे घर कसे चालेल हा प्रश्न त्यांनी ध्येयवादाच्या भरात दृष्टीआड होऊ दिला नव्हता. आगरकरांनी विद्यार्थिदशेतच आईला पत्र लिहून, मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा सोडण्यास सांगितले होते. जे बालपणीच पोरके झाले आणि वडिलांच्या एका जामीनकीने घर बुडालेले ज्यांनी पाहिले, त्या आपट्यांना विम्याचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. चिपळूणकर बत्तिशीच्या आत गेले, आपटे चौतिशीच्या सुमारास, आगरकर अडतिसाव्या वर्षी. या संस्थेची किंमत शिक्षकांइतकीच त्यांच्या बायकामुलांनी मोजली, आणि तिचा हिशेब फारसा कोठे मांडलेला नाही.

आपट्यांची पुस्तके या वर्गांच्या गरजेतून जन्मली. भांडारकरांच्या दोन संस्कृत पाठ्यपुस्तकांनी विद्यार्थी विभक्ती व धातुरूपे शिकून तयार होई, परंतु वाक्य कसे रचावे, कोणत्या क्रियापदाबरोबर कोणती विभक्ती येते, ‘अपि’ किंवा ‘नाम’ यांसारखी अव्यये कोठे शोभतात, हे त्याला सांगणारे पुस्तक नव्हते. १८८१ मध्ये, शाळेत येऊन जेमतेम वर्ष झालेले असताना, आपट्यांनी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले; त्यात नियम, त्याला अभिजात ग्रंथांतील उदाहरणे आणि मग भाषांतरासाठी दोन्ही बाजूंची वाक्ये अशी मांडणी आहे. त्यापाठोपाठ १८८४ मध्ये इंग्रजी-संस्कृत कोश आला आणि १८९० मध्ये मोठा संस्कृत-इंग्रजी कोश. या कोशाच्या नावातच ‘व्यावहारिक’ या अर्थाचे विशेषण आहे, आणि ते सार्थ आहे. सेंट पीटर्सबर्गचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश पंडितांसाठी होता आणि मोनियर विल्यम्स यांच्या १८७२ च्या कोशात शब्द धातूंनुसार लावलेले असल्याने धातू माहीत नसलेला विद्यार्थी अडे. आपट्यांनी वर्णानुक्रम धरला आणि वैदिक शब्दसंपत्तीपेक्षा काव्य, नाटक, स्मृती, न्याय व अलंकारशास्त्र यांतील शब्दांवर, म्हणजे नेमलेल्या ग्रंथांत भेटणाऱ्या शब्दांवर, भर दिला.

या कोशातील बारीकसारीक सोयी पाहिल्या की वर्गातल्या शिक्षकाचा हात ओळखू येतो. नाम प्रातिपदिकाच्या रूपात न देता प्रथमेच्या एकवचनात दिले आहे, त्यामुळे विसर्ग दिसला की शब्द पुल्लिंगी आणि शेवटी ‘म्’ दिसला की नपुंसकलिंगी, हे अर्थ वाचण्याआधीच डोळ्यांना कळते. धातूपुढे गणाचा आकडा आणि परस्मैपद-आत्मनेपदाची खूण असते. अर्थ क्रमांक घालून वेगळे केलेले असतात आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ शाकुंतल, रघुवंश, उत्तररामचरित, मनुस्मृती, भर्तृहरी यांतील अवतरणे स्थळनिर्देशासह येतात, म्हणजे कोश उघडणारा विद्यार्थी शब्दाबरोबर त्याचा वापरही घेऊन जातो. ‘न्याय’ या शब्दाखाली लौकिक न्यायांची, म्हणजे शास्त्रग्रंथांत दाखल्यादाखल येणाऱ्या काकतालीय, घुणाक्षर, सूचीकटाह अशा संक्षिप्त दृष्टांतांची, स्पष्टीकरणांसह यादीच दिली आहे. ती एवढी उपयुक्त आहे की पुष्कळ वाचक कोश केवळ तेवढ्यासाठी उघडतात. शेवटी छंद, ग्रंथकारांचा काळ आणि प्राचीन स्थलनामे यांवर परिशिष्टे आहेत. कोशशास्त्राच्या कठोर निकषांवर हा ग्रंथ पूर्वसूरींवर बराच अवलंबून आहे आणि शब्दांचा ऐतिहासिक क्रम लावण्याची त्याची प्रतिज्ञा नाही. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री कालिदासाचा श्लोक लावणाऱ्याला नेमके काय हवे असते, हे त्याच्या कर्त्याइतके थोड्याच कोशकारांना ठाऊक होते.

कोश निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. सभासदांनी बाहेर मिळविलेले उत्पन्न कोणाचे, हा त्या वादातील एक मुद्दा होता आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या प्राचार्यांच्या दृष्टीने तो तात्त्विक राहणे शक्य नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालय तेव्हा शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत होते. चतुःशृंगीच्या रस्त्यावरील त्याची स्वतःची वास्तू १८९५ मध्ये तयार झाली, आणि आपटे त्यापूर्वीच, ९ ऑगस्ट १८९२ रोजी, वारले होते. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. कोशाची सुधारून वाढविलेली तीन खंडांची आवृत्ती परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने १९५७ ते १९५९ या काळात काढली. मूळ १८९० ची आवृत्ती आणि ही वाढीव आवृत्ती या दोन्ही आज संगणकावर शब्दशोधासाठी उपलब्ध आहेत, आणि १८८१ चे रचनेचे पुस्तकही अजून छापले व विकले जाते.