शस्त्र व्यापार करार आणि भारतातील शस्त्र परवानाधारक

शस्त्र व्यापार करार हा पारंपरिक शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो २ एप्रिल २०१३ रोजी संमत केला. भारत मतदानात तटस्थ राहिला व त्याने करारावर स्वाक्षरी केलेली नाही. क्रीडा व सांस्कृतिक कारणांसाठीची कायदेशीर शस्त्रमालकी कराराच्या प्रस्तावनेत मान्य केली आहे. शिवाय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार कोणताही आंतरराष्ट्रीय करार देशात लागू करण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे.

त्यामुळे भिवंडीतील परवानाधारकास शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. हे शहर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने तेथील परवाना अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. सर्वसाधारण परवानाधारकासाठी बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, ती या करारामुळे नव्हे, तर संसदेने २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे.