घरच्या घरी व्यक्तिचित्रण : खिडकी, चादर आणि तीन दिवे

पहिला कॅमेरा हाती आला, की बहुतेक नवोदित छायाचित्रकार घरातल्या माणसांकडे वळतात. आजीचा चेहरा टिपायचा असतो. पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडताच सुरकुत्या सपाट होतात, कपाळ चकाकते आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. दोष कॅमेऱ्याचा समजून महागड्या साहित्याची चौकशी सुरू होते. वास्तविक दोष असतो तो प्रकाशाच्या दिशेचा आणि आकाराचा. या दोन्ही गोष्टी घरीच, अगदी थोड्या खर्चात सुधारता येतात.

कोल्हापूरच्या कलापरंपरेला ही दृष्टी नवी नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) हे मूळचे चित्रकार. चित्रपटाकडे वळताना छायाप्रकाशाची जाण त्यांनी सोबत आणली. कॅमेराही त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच घडवला. चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असण्याच्या त्या काळात, १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातील अशा आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. साधने तुटपुंजी होती. पण प्रकाश कोठून यावा, याचा विचार पक्का होता.

नवोदितांनी आरंभ खिडकीपासून करावा. थेट ऊन न येणारी खिडकी निवडून त्या व्यक्तीला तिच्यापासून तीन-चार फुटांवर, किंचित तिरपे बसवावे. खोलीतील ट्यूबलाइट बंद ठेवावी. दुसऱ्या बाजूस पांढरा जाड कार्डबोर्ड धरला, की सावलीत गेलेला गाल उजळतो. कार्डबोर्ड जवळ-दूर करून सावली किती गडद ठेवायची, ते ठरवता येते. पावसाळ्यातले ढगाळ आकाश तर स्वतःच एक प्रचंड पडदा असते. त्या प्रकाशात सावल्यांच्या कडा मऊ होतात.

संध्याकाळी मात्र दिवे लागतात. लाकडी पट्टीवर तीन होल्डर बसवून त्यांत १२ वॅटचे, एकाच कंपनीचे आणि एकाच रंगछटेचे एलईडी दिवे लावावेत. पिवळा आणि पांढरा प्रकाश मिसळला, तर चेहऱ्याचा रंग बिघडतो आणि तो नंतर दुरुस्त करणेही अवघड जाते. खोक्यावर रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय, ९० किंवा अधिक लिहिलेली असल्यास उत्तम.

या दिव्यांपुढे दोरीवर पांढरी पातळ चादर ताणावी. येथे एक चूक हमखास होते. दिवे चादरीला चिकटवून ठेवले, तर केवळ मधला ठिपका उजळतो. ते सुमारे दोन फूट मागे सरकवले, की चादरीचा मोठा भाग उजळतो आणि तोच प्रकाशस्रोत बनतो. स्रोत जितका मोठा आणि चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली मऊ. जुने हॅलोजन दिवे कापडामागे कधीही वापरू नयेत. त्यांच्या उष्णतेने आग लागू शकते.

दिव्यांची पट्टी डोळ्यांच्या पातळीहून थोडी वर आणि चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर असावी. नाकाची सावली ओठांच्या कोपऱ्याकडे झुकली आणि डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दिसला, की जागा बरोबर साधली. चष्म्यावर चकाकी येत असल्यास दिवे आणखी वर घ्यावेत. बसणारी व्यक्ती भिंतीपासून चार-पाच फूट पुढे असली, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही.

उघड्या दिव्याचे अंतर दुप्पट केले, की चेहऱ्यावर पोहोचणारा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. चादरीमुळे हे प्रमाण थोडे बदलते. पण लांब गेल्यास प्रकाश झपाट्याने घटतो, हे कायम. त्यामुळे कॅमेरा तिपाईवर ठेवून आयएसओ ८०० ते १६०० आणि शटर १/५० सेकंद येथून सुरुवात करावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० या वेगांवर छायाचित्रात पट्टे उमटण्याची शक्यता कमी होते. व्हाइट बॅलन्स त्याच प्रकाशात पांढरा कागद धरून ठरवावा.

सॉफ्टबॉक्स, छत्र्या, स्टुडिओ फ्लॅश यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र ती साधने हेच काम अधिक सोयीने करतात, एवढेच. एकाच माणसाचे छायाचित्र खिडकीजवळ आणि चादरीपुढे दहा वेळा, दर वेळी प्रकाशाची एकच बाजू बदलून काढावे. आजीच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेषा कोणत्या कोनात बोलकी होते, हे उमगल्यावर कोणते साहित्य घ्यायचे आणि कोणते टाळायचे, याचा निर्णय सोपा होतो.