ऑर्किडला दुसऱ्यांदा फूल का येत नाही? बेळगाव-निपाणीच्या हवेत वर्षभर काय करायचं

बेळगाव : वास्तुशांतीला, वाढदिवसाला किंवा दुकानाच्या उद्घाटनाला भेट आलेली ऑर्किडची कुंडी दोन-अडीच महिने घरात मिरवते. मग एकेक फूल गळतं, दांडा वाळतो आणि नुसती पानं उरतात. रोज पाणी घातलं, शेणखत घातलं, चहाचा चोथाही घालून झाला, तरी वर्षभर कळी दिसत नाही. शेवटी कुंडी जिन्याखाली जाते, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत. एकदा फुलून झाड संपलं, असा समज होतो.

प्रत्यक्षात झाड संपलेलं नसतं. बाजारात सर्वाधिक दिसणारं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतं आणि पुन्हा पुन्हा फुलतं. मात्र ते फुलतं ऋतू बदलल्याचा इशारा मिळाल्यावर. पुरेसा उजेड आणि रात्रीचा गारवा मिळाला नाही तर कितीही खत घाला, उपयोग होत नाही. मुंबई-पुण्याच्या बंद फ्लॅटमध्ये हा गारवा मिळवताना लोकांची दमछाक होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात तो फुकट मिळतो. फक्त झाड त्या वेळी योग्य जागी हवं.

कुंडीत नेमकं कोण आहे?

सीमाभागातल्या घरांत मुख्यतः दोन प्रकारची ऑर्किड दिसतात. फॅलेनॉप्सिसची पानं रुंद, जाड आणि जमिनीलगत असतात. कमानीसारख्या लांब दांड्यावर पतंगासारखी चपटी फुलं येतात. दुसरं डेंड्रोबियम. याला उसासारखी पेरं असलेल्या उभ्या कांड्या असतात. हार-तुऱ्यात आणि लग्नाच्या मांडवात दिसणारी जांभळी-पांढरी फुलं बहुतेक याचीच.

गडद निळं फॅलेनॉप्सिस कोणी हौसेनं घेतलं असेल, तर पुढच्या खेपेला त्याला पांढरी फुलं येतील. निळा रंग दांड्यातून आत सोडलेला असतो. त्यात सांभाळणाऱ्याचा दोष नाही.

माती नको, हवा हवी

ही दोन्ही झाडं मूळची फांद्यांवर वाढणारी. घाटातल्या झाडांवर दिसणाऱ्या आमरीला आपल्याकडे सरसकट बांडगूळ म्हणतात, ते चूक आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून त्याचा रस घेतं. आमरी फक्त आधार घेते. पाणी आणि अन्न ती पावसातून, हवेतून आणि फांदीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून मिळवते.

म्हणून ऑर्किड मातीत लावलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचं मिश्रण पुरतं. कुंडीला तळाशी आणि बाजूलाही भोकं असावीत. दर दोन वर्षांनी, फुलं संपल्यावर हे मिश्रण बदलावं. सोडण कुजून लगदा झाला की तेही मातीसारखंच वागतं.

पाणी कधी द्यायचं, हे मुळंच सांगतात. फॅलेनॉप्सिसच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. मूळ हिरवं दिसलं तर अजून ओल आहे, चंदेरी-राखाडी दिसलं तर पाणी द्या. वार ठरवून पाणी देऊ नका. सकाळी भरपूर पाणी घालायचं, ते खालून निथळू द्यायचं आणि खालच्या बशीत साचू द्यायचं नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचून मुळं आणि पानांची टोकं करपतात. पागोळ्यांचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, मग पिंपात भरून झाकून ठेवा.

सीमाभागाचं वर्षाचं गणित

बेळगाव, निपाणी आणि खानापूर नकाशावर जवळ असली तरी हवा एकसारखी नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, पलीकडे चंदगड आणि आजरा हा घाटाजवळचा ओला पट्टा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा तुलनेनं उष्ण आणि कोरडा. त्यामुळे एका मैत्रिणीला लागू पडलेली युक्ती दुसरीला लागू पडेलच असं नाही.

जून ते सप्टेंबर : पावसाळ्यात झाड वाढतं आणि कुजतंही याच दिवसांत. कुंडी पागोळीखाली किंवा उघड्यावर ठेवू नका. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की शेंडा कुजतो आणि झाड जातं. पाणी दिसलं तर कापसानं टिपून घ्या. खानापूर-बेळगावकडे झडीच्या दिवसांत आठ-दहा दिवस पाणी द्यावं लागणार नाही. निपाणीत उघडीप असेल तर मुळं बघून द्यावं लागेल. गोगलगायी रात्री कोवळी मुळं खातात, तेव्हा बॅटरी घेऊन एक फेरी मारा.

खत याच वाढीच्या काळात द्यायचं. शेतकऱ्यांच्या घरी असलेलं १९:१९:१९ हे विद्राव्य खत चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पिकाचं प्रमाण इथं नको. मधूनमधून साध्या पाण्यानं कुंडी धुऊन काढावी.

ऑक्टोबर ते जानेवारी : फुलाचा निर्णय इथं होतो. फॅलेनॉप्सिसला काही आठवडे २५ अंशांच्या आतली हवा आणि १५ ते १८ अंशांच्या रात्री मिळाल्या की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. दसरा झाला की कुंडी टीव्हीजवळून किंवा स्वयंपाकघरातून उचला आणि पूर्वेच्या खिडकीत अथवा सावलीच्या गॅलरीत ठेवा. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको. निपाणीत दिवसा उकाडा असेल तर उत्तरेकडची खिडकी रात्री उघडी ठेवा. पारा १२-१३ अंशांखाली जाईल त्या रात्री मात्र झाड आत घ्या. ओली पानं आणि कडक थंडी एकत्र आली की पानांवर काळे डाग पडतात. म्हणून थंडीत पाणी कमी आणि तेही सकाळीच.

डेंड्रोबियमची मागणी वेगळी आहे. त्याला उजेड जास्त लागतो. पन्नास टक्के सावलीच्या जाळीखाली ते खूश असतं, फॅलेनॉप्सिसला पाऊणपट सावली लागते. थंडीत डेंड्रोबियमचं पाणी कमी करून खत थांबवावं.

फेब्रुवारी ते मे : दांडा निघाल्यापासून फुलं उमलायला अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे डिसेंबरात दिसलेला दांडा शिमग्याच्या आसपास फुलतो. निपाणी-चिकोडीकडे मार्चनंतरचा कोरडा वारा आणि तापलेला स्लॅब झाडाला भाजून काढतो. गच्चीवरची कुंडी खाली आणा. कुंडीशेजारी पाण्यानं भिजवलेल्या विटा ठेवल्या की हवेत ओल राहते.

उजेड बरोबर आहे का, हे पानावरून कळतं. पान गर्द हिरवं आणि लोंबतं असेल तर उजेड कमी पडतोय. पिवळट-लालसर झालं तर ऊन जास्त आहे. पोपटी हिरवं पान म्हणजे जागा योग्य. घरात पान गर्द हिरवं दिसलं की आपण खूश होतो, पण ऑर्किडच्या बाबतीत फूल न येण्याचं ते मोठं कारण असतं.

फुलं गळाल्यावर कात्री कुठे लावायची?

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच सशक्त पानं असतील, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाठीच्या थोडं वर कापा. त्या गाठीतून नवी फांदी फुटून दुसरा बहर येऊ शकतो. दांडा वाळून तपकिरी झाला असेल, किंवा झाडाला दोन-तीनच पानं असतील, तर बुडाशी कापून झाडाला विश्रांती द्या.

डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं झडलेल्या कांड्या वाळक्या समजून कापू नका. नव्या कोंबासाठी पाणी आणि अन्न त्यांतच साठलेलं असतं. कधी कधी जुन्या कांडीलाही पुन्हा फूल येतं. पूर्ण सुकून पोकळ झालेलीच काढावी.

कात्री वापरण्याआधी ज्योतीवर तापवून गार करा. ऑर्किडचे विषाणूजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर पात्यानं जातात आणि त्यांना औषध नाही.

कळ्या आल्या आणि गळाल्या

दांडा आला, कळ्या फुगल्या आणि न उमलताच पिवळ्या पडून गळाल्या, ही तक्रार उन्हाळ्याच्या तोंडाला जास्त ऐकू येते. याचं एक कारण घरातच असतं. आंब्याची अढी किंवा पिकलेल्या केळ्यांचा घड जवळ असेल, तर फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कळ्या गळतात. फळं आणि ऑर्किड वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत. कुंडी सारखी हलवणं, पंख्याचा थेट वारा आणि पाण्याची ओढ ही बाकीची कारणं.

घाटातली आमरी घरी आणू नका

विकतचं झाड फुलत नाही म्हणून काही जण आंबोली, चोर्ला किंवा कणकुंबीकडून येताना फांदीवरची आमरी ओरबाडून आणतात. कुणी रस्त्याकडेला विकत घेतात. यातली बरीचशी घरी मरतात. ओरबाडताना मुळं तुटलेली असतात आणि घाटातलं धुकं गॅलरीत मिळत नाही.

नुकसान एका झाडाचं होत नाही. आमरीचं बी धुळीसारखं असतं. त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि रुजलेल्या रोपाला फूल यायला काही वर्षं जातात. लाखो बियांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं तगतात. मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यानं लोंबणारी सीतेची वेणी फांदीवरून गेली, तर ती जागा पुन्हा भरायला फार काळ लागतो. भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून विनापरवाना झाड काढणं हा गुन्हाही आहे.

आता त्याची गरजही उरलेली नाही. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखरेच्या माध्यमावर ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या पेशींपासून रोपं करण्याची वाट दाखवली. दुकानात मिळणारी ऑर्किड याच प्रयोगशाळेच्या पद्धतीतून येतात. भारतात सिक्कीममधील पाक्योंग येथे ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे.

मूळ की दांडा?

दिवाळीनंतर पानांच्या बगलेत हिरवं टोक दिसलं की घरात वाद सुरू होतो. टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल आणि खाली वळत असेल तर ते मूळ. टोक चपटं, किंचित दुमडलेल्या मुठीसारखं असेल आणि वर चढत असेल तर तो फुलांचा दांडा. तो दिसला की कुंडीची दिशा बदलू नका. दांडा उजेडाकडे वळतो, कुंडी फिरवली तर वेडावाकडा होतो. वीतभर झाला की शेजारी बारीक काठी रोवून सैल बांधा. या दिवाळीला टोक दिसलं नाही, तरी पानं ताठ आणि मुळं टणक असतील तर झाड टाकू नका. जागा थोडी उजेडाकडे सरकवा आणि पुढच्या थंडीची वाट बघा.